प्रकृती, पथ्य आणि आपले ताट

(देणगीदार व हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्च वाचून दाखवितो. तो तपशील या अहवालाच्या पुढील पानांवर छापलेला आहेच. यंदा मात्र विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने एका वेगळ्या विषयावर बोलावयाचे ठरविले आहे. विषय आहे प्रकृतीनुसार आहार. आम्ही डॉक्टर नाही, वैद्य नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या वह्या सांभाळत या रुग्णालयात आलो आणि इथेच केस पिकले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच, की या विषयात रुग्णालयाकडून एक चूक घडली, आणि ती डॉक्टरांची नव्हे, वैद्यांचीही नव्हे, तर आमच्या कार्यालयाची होती. ज्यांच्या पैशांतून ती घडली, ते देणगीदार आज समोर बसलेले आहेत. म्हणून ती आम्हीच सांगणे योग्य होय.

प्रथम विषय थोडा समजून घेऊ. आमच्या आयुर्वेद विभागाच्या वैद्यांनी तो आम्हांस अनेकदा समजावून सांगितला आहे. आयुर्वेदाच्या मते मनुष्याची प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि ती जन्मभर टिकते. वात, पित्त, कफ यांपैकी एकाचे प्राधान्य असलेल्या तीन, दोन दोषांच्या मिश्रणाच्या तीन, आणि तिन्ही दोष समतोल असलेली एक, अशा सात प्रकृती ग्रंथांत सांगितल्या आहेत. वातप्रकृतीचा मनुष्य बहुधा कृश, त्वचा कोरडी, झोप सावध, भूक कधी लागते कधी लागत नाही. पित्तप्रकृतीच्या माणसाला ऊन सोसत नाही, भूक तीव्र लागते, केस लवकर पांढरे होतात. कफप्रकृतीचा मनुष्य भरदार बांध्याचा, शांत, त्याला उशिरा भूक लागली तरी चालते. वाताला उष्ण व स्निग्ध अन्न आणि गोड, आंबट, खारट हे रस मानवतात. पित्ताला गोड, कडू व तुरट रस आणि थंड गुणाचे पदार्थ. कफाला हलके, उष्ण, आणि तिखट, कडू, तुरट. सूत्र साधे आहे. जे शरीरात मुळातच अधिक आहे, त्याच्या उलट गुणाचे अन्न द्यावे. ज्याची प्रकृती समतोल आहे, त्याने सर्व रस सम प्रमाणात खावेत, असे चरकाचार्य सांगतात.

ही कल्पना केवळ आपलीच आहे असेही नाही. युनानी वैद्यकातील मिजाज हाच विचार चार द्रवांच्या भाषेत मांडतो. चीनच्या पारंपरिक वैद्यकात अन्नाचे उष्ण, कोमट, सम, शीतल व थंड असे भेद आहेत. तेथील प्राध्यापक वांग ची यांनी शरीरप्रकृतीचे नऊ प्रकार मांडले, आणि २००९ मध्ये तेथील वैद्यक संघटनेने ते प्रमाण म्हणून स्वीकारले. उन्हाळ्यात मुगाचे पातळ कढण थंड पडते असे चिनी आजी म्हणते, आणि आपल्याकडची आजीही तेच म्हणते. आल्याला दोघीही उष्णच मानतात.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी एका सद्‌गृहस्थांनी आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ रुग्णांना उपयोगी पडेल असे काही छापून वाटावे म्हणून देणगी दिली. प्रकृतीनुसार आहाराची पत्रके काढावीत ही सूचना आमचीच. वैद्यांनी मजकूर लिहून दिला. वातासाठी पिवळे, पित्तासाठी हिरवे, कफासाठी गुलाबी, असे तीन रंगांचे कागद ठरले. मागच्या बाजूस आपली प्रकृती ओळखण्यासाठी प्रश्नावली. मजकुराच्या शेवटी वैद्यांनी एक ओळ लिहिली होती, की हा आहार निरोगी व्यक्तींसाठी आहे, आजार असल्यास किंवा औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांस वा वैद्यांस विचारावे. छपाईच्या वेळी मजकूर पानात मावेना. आणखी एक पान वाढविले असते तर खर्च वाढला असता. देणगीदार, रुग्णालय व ट्रस्ट यांची नावे ठळक अक्षरांत ठेवणे आम्हांस आवश्यक वाटले. ती ओळ आम्ही काढून टाकली. फिजिशियन डॉक्टरांना मजकूर दाखविला नाही. त्यात दाखविण्यासारखे काय आहे, खाण्यापिण्याचाच तर विषय, असे त्या वेळी वाटले.

पत्रके फार लोकप्रिय झाली. बाह्यरुग्ण विभागात ठेवलेला गठ्ठा दुपारपर्यंत संपत असे. आम्हांस समाधान वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

काही महिन्यांनी अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपत्कालीन विभागात दाखल झाले. जुना मधुमेह, त्यामुळे मूत्रपिंडांचे काम मंदावलेले. पायांतील शक्ती गेली होती, नाडी फार मंद चालत होती, हृदयाच्या आलेखात बिघाड दिसत होता. रक्तातील पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढले होते. तातडीचे उपचार झाले, डायलिसिस करावे लागले. डॉक्टरांनी सुनेला विचारले, की यांच्या खाण्यात नवीन काही सुरू केले होते का. तिने सांगितले, की बाबांची प्रकृती पित्ताची निघाली, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ नारळपाणी, दुपारी मोसंबीचा रस आणि रात्री पालकाचे सार चालू केले आहे. त्यांना बरेही वाटत होते, आग कमी झाली होती.

निरोगी माणसाला या तिन्ही गोष्टी उत्तम. पण अशक्त झालेले मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात साचते आणि हृदयाची लय बिघडवते. नारळपाणी, फळांचे रस, पालेभाज्या या सर्वांत पोटॅशियम भरपूर असते.

ते गृहस्थ वाचले आणि काही दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेले. बिल भरावयास त्यांची सून कार्यालयात आली, तेव्हा पर्समधून ते हिरवे पत्रक काढून तिने आमच्या टेबलावर ठेवले. फ्रीजवर चिकटविल्याच्या खुणा त्यावर होत्या. ती रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, "साहेब, खाली रुग्णालयाचे नाव होते, म्हणून आम्ही विश्वास ठेवला."

त्याच दिवशी उरलेली पत्रके आम्ही परत घेतली. ती रद्दीत गेली आणि त्या वर्षीच्या हिशेबात ती रक्कम नुकसान म्हणून दाखविली. ज्यांना पत्रक दिले होते त्यांची यादी आमच्याकडे नव्हती, ही दुसरी चूक. बाह्यरुग्ण विभागात फलक लावला, मधुमेह व मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या केसपेपरवर शिक्के मारले, परिचारिकांनी प्रत्येकास विचारले. तरी एखादे पिवळे वा हिरवे पत्रक आजही कोणाच्या स्वयंपाकघरात असू शकेल. आपल्यापैकी कोणाकडे असेल तर कृपया ते आणून द्यावे.

त्यानंतर आमचे फिजिशियन, वैद्य आणि आहारतज्ज्ञ बाई यांची एकत्र बैठक झाली. आम्हांस वाटले होते की तेथे दोन शास्त्रांची खडाजंगी होईल. तसे काही झाले नाही. वैद्यांनी चरकसंहिता उघडून दाखविली, आणि हिशेबनीसाला पटेल असा मुद्दा त्यांनी तेथून काढला.

विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार कोणत्या आठ बाबींनी करावा ते सांगितले आहे. पदार्थाचा मूळ स्वभाव, त्यावर झालेला संस्कार, इतर पदार्थांशी संयोग, राशी म्हणजे प्रमाण, देश, काल, जेवण्याचे नियम, आणि शेवटी जेवणारा मनुष्य. आम्ही मोजले. व्यक्तीची प्रकृती ही आठव्या बाबीच्या पोटातली एक नोंद. आमच्या पत्रकाने आठपैकी सात रकाने कोरे ठेवून आठव्यातील एका नोंदीवर ताळेबंद काढला होता. असा ताळेबंद कोणी लेखापरीक्षकांपुढे ठेवला असता तर त्यांनी तो फेकून दिला असता.

त्यातील राशी या बाबीचे दोन भाग चरकांनी केले आहेत. सर्वग्रह म्हणजे संपूर्ण जेवणाचे एकूण प्रमाण, आणि परिग्रह म्हणजे भात किती, वरण किती, भाजी किती, असे प्रत्येकाचे वेगळे प्रमाण. एकूण बेरीज आणि बाबनिहाय तपशील, दोन्ही हवेत. हे ऐकून आम्हांस मनापासून आनंद झाला, कारण आमच्या आयुष्यभराच्या व्यवसायाचे सारे रहस्य इतकेच आहे.

वैद्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. प्रश्नावलीतून जे उत्तर निघते ते प्रकृतीचे असेलच असे नाही, ते त्या वेळच्या विकृतीचेही असू शकते. सांधेदुखीच्या गोळ्यांनी ज्याच्या छातीत जळजळ होते, तो उत्तरे देता देता स्वतःला पित्तप्रकृतीचा ठरवितो. वैद्य नाडी पाहतात, शरीराची ठेवण पाहतात, लहानपणापासूनच्या सवयी विचारतात, आणि तरीही बहुसंख्य माणसे मिश्र प्रकृतीचीच निघतात. शिवाय मधुर रस म्हणजे साखर नव्हे. तांदूळ, गहू, दूध, तूप हे सर्व आयुर्वेदात मधुर रसाचेच. वातप्रकृतीस मधुर हितकर असे वाचून मधुमेही मनुष्य खीर आणि खजूर खाऊ लागला, तर दोष ग्रंथाचा नाही. याउलट प्रमेहाची कारणे सांगताना चरकांनी बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची यादी दिली आहे आणि पथ्यात जवाला मान दिला आहे. येथे आमच्या फिजिशियननी हसून मान डोलावली. मात्र जवाची भाकरी झाली तरी ती मोजूनच खावी, असेही ते म्हणाले.

आधुनिक संशोधनाविषयी देणगीदारांपैकी अनेकजण विचारतात, म्हणून थोडे सांगतो. पुण्यातील डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. कल्पना जोशी व डॉ. अरविंद चोप्रा यांनी २००५ मध्ये ७६ व्यक्तींची प्रकृती आणि त्यांच्या पेशींवरील एका जनुकगटाचे प्रकार यांची तुलना प्रसिद्ध केली, आणि दोहोंत काही संबंध दिसतो असे मांडले. मराठी माणसाला अभिमान वाटावा असे ते काम आहे. पण ७६ ही संख्या लहान, आणि कोणी काय खावे याचे उत्तर त्यात नव्हते. २०१५ मध्ये इस्राएलमधील संशोधकांनी ८०० जणांच्या रक्तातील साखर सतत मोजून दाखविले, की तोच पदार्थ दोन माणसांनी खाल्ला तरी साखर सारखी वाढत नाही. म्हणजे एकच ताट सर्वांना मानवत नाही, हे आपल्या पूर्वजांचे निरीक्षण खरेच आहे. मात्र माणसांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक यादी देणे ही पुढची पायरी तितकी भक्कम नाही. रक्तगटानुसार आहाराचे पुस्तक १९९६ मध्ये अमेरिकेत निघाले, आपल्याकडेही त्याची बरीच चर्चा झाली. २०१४ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी तपासले, तेव्हा त्या आहारांनी झालेल्या फायद्याचा रक्तगटाशी काही संबंध आढळला नाही. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी देशव्यापी प्रकृती परीक्षण अभियान सुरू केले आणि एक कोटीहून अधिक नागरिकांचे परीक्षण झाले. त्यानंतर आमच्या ओपीडीत मोबाइलवर प्रकृती दाखविणारे रुग्ण येऊ लागले. आम्ही त्यांना नाउमेद करीत नाही. ती माहिती केसपेपरवर लिहून घेतो. फक्त ती कितव्या ओळीवर लिहावयाची, हे आता ठरले आहे. आधी आजार, मग चालू असलेली औषधे, मग रक्ताचे अहवाल, मग घरची सवय, कामाच्या वेळा व ऋतू, आणि त्यानंतर प्रकृती. वैद्यांनी हा क्रम स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे.

यातील घरची सवय या नोंदीवर आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत, कारण आपल्या तीन गावांत ती फार महत्त्वाची ठरली. आयुर्वेदात तिला सात्म्य म्हणतात. जे अन्न दीर्घकाळ सेवन करून शरीराच्या अंगवळणी पडले, ते सात्म्य.

पूर्वी आमच्या रुग्णालयात सर्वांना एकच जेवण मिळत असे. वरण, भात, दोन पोळ्या, दुधी भोपळ्याची वा पडवळाची भाजी. सात्त्विक, स्वच्छ, आणि खर्चाच्या दृष्टीने आदर्श. त्या प्रसंगानंतर आम्ही काही दिवस जेवणाच्या वेळी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी बसलो, जेथे उष्टी ताटे परत येतात. हिशेब कार्यालयात बसून दिसत नाही ते तेथे दिसले. कॅम्प चारमधील सिंधी आजींच्या ताटात वरण तसेच होते, आणि पिशवीत घरून आणलेली कोकी व लोणचे होते. साताऱ्याकडून येऊन बदलापुरास स्थायिक झालेल्या काकांनी पोळी सोडली होती, त्यांना ज्वारीची भाकरी हवी होती. अंबरनाथजवळच्या गावातील आगरी मावशींचे म्हणणे, की तांदळाची भाकरी आणि थोडे सुकट मिळाले नाही तर जेवल्यासारखे वाटत नाही. पथ्याचे ताट आम्ही वाढत होतो, रुग्ण मात्र डबा खात होते. आणि त्या डब्यात किती मीठ, किती तेल, याची नोंद कोठेच नव्हती.

वैद्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पुन्हा चरकांचाच आधार दिला. चिकित्सास्थानाच्या शेवटच्या अध्यायात कोणत्या देशाच्या लोकांना काय सात्म्य आहे याची नोंद आहे. सिंधू देशातील लोकांना दूध, पूर्वेकडील लोकांना मासे, आणि अश्मक म्हणजे गोदावरीकाठच्या लोकांना तेल व आंबट. आणि विमानस्थानात, पिंपळी, क्षार व मीठ हे तीन पदार्थ फार वापरू नयेत असे सांगताना, अति मीठ खाणाऱ्यांची उदाहरणे म्हणून बाल्हीक, सौराष्ट्र, सैंधव व सौवीर या प्रदेशांची नावे दिली आहेत. ते लोक दुधातसुद्धा मीठ घालतात, अशी टीपही आहे. क्षारांचा अतिरेक करणाऱ्यांत चिनी लोकांचा उल्लेख आहे. सैंधव म्हणजे सिंधकडचे, सौवीर हा त्याला लागूनचा प्रदेश. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या आणि १९४९ मध्ये जिला उल्हासनगर हे नाव मिळाले त्या वसाहतीतील कुटुंबांच्या पूर्वजांविषयी हे लिहिलेले आहे असे म्हणावयास हरकत नाही. आमच्या एका सिंधी विश्वस्तांना हे वाचून दाखविले, तेव्हा ते खळखळून हसले आणि म्हणाले, जेवणानंतर पापड मागितल्याबद्दल आता आमच्या मंडळींना कोणी रागावू नका, दोन हजार वर्षांची सवय आहे.

पण उच्च रक्तदाब हसण्याने उतरत नाही, आणि मिठाच्या बाबतीत आम्ही मराठी मंडळींनीही कोणाकडे बोट दाखवू नये. सुकट, बोंबील, लोणचे, खर्डा, उपासाची पापडी, सर्व आमच्याकडेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सुमारे एक सपाट चहाचा चमचा. हे कोणी मोजत नाही. आम्ही रुग्णांच्या नातेवाइकांना एकच प्रश्न विचारतो, की घरी मिठाची एक किलोची पिशवी किती दिवसांत संपते. चार माणसांच्या कुटुंबात ५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला ६०० ग्रॅम पुरावे. पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमहून अधिक झाले, लोणचे-पापड-फरसाण वेगळेच. गृहिणी लगेच बोटांवर गणित करतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटते. सैंधव मीठ वापरले म्हणजे चालते, असा समज फार आहे. तेही मीठच आहे. आणि कमी सोडियमचे म्हणून जे मीठ बाजारात मिळते, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते डॉक्टरांस विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. हिरव्या पत्रकाची गोष्ट आपण नुकतीच ऐकली.

सवयीचे अन्न सोडवावयाचे तर कसे, याचेही उत्तर ग्रंथांत मिळाले. अहितकर सवय एकदम तोडू नये, चतुर्थांशाने कमी करीत जावी, आणि तितक्याच भागाने हितकर वस्तू वाढवीत जावी. आहारतज्ज्ञ बाईंनी हे सूत्र ताबडतोब उचलले. चहात चार चमचे साखर घेणाऱ्यास पूर्वी आपण बिनसाखरेचा चहा घ्या असे सांगत होतो, आणि तो तिसऱ्या दिवशी चारवर परत येत असे. आता आठवडाभर तीन, मग दोन, असे सांगतो. सर्वजण टिकतात असे नव्हे, पण पुढच्या तपासणीस येऊन खरे सांगतात, हाही लाभच.

स्वयंपाकघरातही बदल झाला. मावशींना कोकी करावयास आमच्या एका परिचारिका भगिनीच्या सासूबाईंनी शिकविले, मीठ निम्मे आणि तूप मोजून. साई भाजी आठवड्यातून दोनदा होते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना ती देत नाही, त्यांच्यासाठी भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देतात व मग फोडणी देतात, म्हणजे तिच्यातील पोटॅशियम बरेच कमी होते. ज्वारीची व तांदळाची भाकरी आळीपाळीने असते. सुकटाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ट्रस्टच्या नियमानुसार रुग्णालयात सामिष शिजत नाही, आणि आगरी मावशींना तो नियम समजावून सांगणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. खर्च थोडा वाढला. पण मागच्या दाराशी परत येणारे अन्न आमच्या डोळ्यांदेखत कमी झाले, आणि घरचे डबे तर त्याहून कमी झाले.

बदलापूरकरांचा प्रश्न निराळाच आहे. पहाटेची लोकल पकडून मुंबईस जाणारा मनुष्य रात्री दहाच्या सुमारास घरी येतो आणि दिवसातील मुख्य जेवण तेव्हा जेवतो. दिवसभर स्टेशनवरचा वडापाव आणि चहा. त्याची प्रकृती कोणतीही असो, आठ बाबींपैकी काल ही बाब त्याच्या विरुद्ध आहे. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर जेवणाची वेळ चुकणे हे थेट जिवावर बेतणारे आहे. अशांना आहारतज्ज्ञ गाडीच्या वेळा विचारूनच तक्ता देतात. डब्यात दोन लहान कप्पे, एक सायंकाळी कार्यालय सोडण्यापूर्वी खावयाचा, म्हणजे रात्रीचे जेवण हलके होते. जूनमध्ये बदलापूरची जांभळे आली की आणखी एक प्रश्न येतो. जांभूळ मधुमेहाला चांगले म्हणून टोपलीभर खाणारे आणि बियांची पूड घेऊन गोळ्या बंद करणारे, दोघेही आमच्याकडे येतात. जांभूळ हे उत्तम फळ आहे. मूठभर खावे आणि गोळी चालू ठेवावी.

मातोश्रींच्या स्मरणार्थ देणगी देणाऱ्या त्या सद्‌गृहस्थांना आम्ही घरी जाऊन घडलेला सर्व प्रकार सांगितला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रक्कम परत करण्याची तयारी आम्ही दाखविली, ती त्यांनी नाकारली. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा धनादेश पाठविला, सोबत चिठ्ठी, की आईच्या नावाने या वेळी छापील काही नको. त्या पैशांतून स्टीलच्या मापाच्या वाट्या व मिठाचे छोटे चमचे घेतले. मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा रुग्ण घरी जाताना त्याच्या कुटुंबास एक वाटी व एक चमचा देतो, आणि कोणास दिले त्याची नोंद ठेवतो. वाटीवर कोणाचेही नाव कोरलेले नाही, हा त्यांचाच आग्रह.

शेवटी देणगीदारांना एक विनंती. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पुण्यतिथी या निमित्ताने रुग्णांना जेवण देण्याची आपली इच्छा असते आणि तिच्यावरच आमचे स्वयंपाकघर मोठ्या प्रमाणात चालते. त्या दिवशी रुग्णांच्या ताटात जिलेबी, श्रीखंड वा पुरी असावी असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. यंदापासून ते करता येणार नाही. त्या दिवशीचे ताट आहारतज्ज्ञ ठरवितील. आपण आणलेले गोड पदार्थ रुग्णांचे नातेवाईक व कर्मचारी यांना खुशाल वाढावेत, त्यांची सोय तळमजल्यावरील सभागृहात केली आहे. काही देणगीदार यामुळे नाराज झाले, दोघांनी नोंद रद्द केली, हे विश्वस्त मंडळास आम्ही कळविले आहे. नव्या वर्षाची नोंदवही कार्यालयात ठेवली आहे. दिनांक लिहिताना शेजारच्या रकान्यात आपल्या घरात कोणत्या भाकरीची सवय आहे तेही लिहावे. त्या दिवशी शक्य झाल्यास तीच करू, आणि आपण स्वतः येऊन ती वाढावी.